आयडी-आर्ट अ‍ॅप: कोकणातल्या देवस्थानांच्या कामाचं किती?

इंटरपोलचं हे अ‍ॅप २०२१ पासून फुकट मिळतं. फोटो टाकून चोरीच्या ५० हजारांहून जास्त कलावस्तूंच्या यादीत शोध घेता येतो. पण गावच्या विश्वस्तांना तो शोध क्वचितच लागेल. अ‍ॅपमधली त्यांच्या कामाची सोय दुसरीच आहे: 'ऑब्जेक्ट आयडी' या आंतरराष्ट्रीय नमुन्यात आपल्या वस्तूंची नोंद करून ठेवणं.

रकाने सोपे आहेत, भरणारे चुकतात. 'काळ्या पाषाणाची सुबक विष्णुमूर्ती' एवढंच लिहिलं तर निम्म्या कोकणातल्या मूर्ती त्यात बसतील. आयुधांचा क्रम लिहा. उजव्या खालच्या हातापासून पद्म, शंख, चक्र, गदा असेल तर तो केशव, विष्णूच्या चोवीस रूपांपैकी एक. उंची पीठासह आणि पीठाशिवाय, सेंटिमीटरमध्ये. तुटलेलं बोट, प्रभावळीचा उडालेला टवका यांचे जवळून फोटो हवेतच. मूर्ती ओळखू येते ती याच खुणांवरून. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतलेला, श्रीपुरंदनच्या देवळातून चोरलेला नटराज २०१४ मध्ये तमिळनाडूला परतला, तो पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडच्या जुन्या फोटोंमुळे.

तेल लावलेल्या पाषाणावर फ्लॅश मारला की नुसता पांढरा डाग येतो. अभिषेकानंतर मूर्ती पुसून कोरडी झाली, की वस्त्रं चढवण्याआधी गुरवांना विचारून बॅटरी एका बाजूने तिरकी धरा. शेजारी मोजपट्टी ठेवा. रूपी, म्हणजे देवांचे धातूचे मुखवटे, शिमग्यात पालखीला लावण्याआधी हाती असतात, तेव्हाच त्यांचं वजन करा, पाठीचा आणि आतल्या बाजूचाही फोटो घ्या.

आता उणिवा. मराठी नाही. चोरीची नोंद अ‍ॅपमधून थेट यादीत चढत नाही. आधी पोलीस ठाण्यात गुन्हा, मग सीबीआयमार्फत इंटरपोल. त्यामुळे जुना कोरीव खांब घेताना 'यादीत नाही, म्हणजे माल स्वच्छ' असं दुकानदार सांगू लागला तर मान डोलावू नका. ज्या देवळाकडे फोटोच नव्हता, त्याची वस्तू यादीत येणार कुठून? आणि सोन्यापुढे हे अ‍ॅप हतबल आहे: दिवेआगरचा सुवर्णगणेश २०१२ मध्ये दोन राखणदारांचा जीव घेऊन पळवला आणि वितळवून टाकला.

दगड, लाकूड, पंचधातूसाठी पाचपैकी चार गुण. नोंदीची छापील प्रत मात्र देवळाबाहेर, दुसऱ्या कुणा मानकऱ्याकडे ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालची नोंदणी वेगळी करावी लागते, ती या अ‍ॅपने होत नाही.