पाण्याचा जडपणा मोजायचा थेंबांचा संच: टीडीएस मीटरच्या आधी हा घ्या

नळाचं पाणी घरी तपासायचं म्हटलं की बहुतेक जण आधी टीडीएस मीटर घेतात. पण गीझरच्या कॉइलवर खपली का धरते, साबणाला फेस का येत नाही, सॉफ्टनर चालतोय की नाही, यांतल्या एकाचंही नेमकं उत्तर त्या आकड्यात नसतं. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरावीक संख्येने गुणून पीपीएम (साधारण लिटरला मिलिग्रॅम) दाखवतो. त्यात मीठ आलं, सोडा आला, कॅल्शियमही आलं. फेस मारतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम; पाण्याचा जडपणा म्हणजे हीच दोन. सॉफ्टनर ही दोन्ही काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे पाणी पूर्ण मऊ झालं तरी मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो. मग लोक चांगला चाललेला सॉफ्टनर बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावतात. जडपणाच मोजायचा असेल तर थेंबांचा संच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

नेहमीच्या संचात खुणा केलेली एक छोटी नळी आणि तीन बाटल्या असतात: बफर, रंग आणि मोजणीचं द्रावण. काही संचांत बफर आणि रंग एकत्रच असतात. बफरने पाण्याचा सामू १० च्या आसपास येतो. रंग म्हणजे बहुधा एरिओक्रोम ब्लॅक टी. तो मॅग्नेशियमला चिकटला की पाणी लालसर होतं. तिसऱ्या बाटलीतलं ईडीटीए नावाचं रसायन एकेका थेंबाने आधी मोकळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडतं, शेवटी रंगाला चिकटलेलं मॅग्नेशियमही ओढून घेतं, आणि पाणी निळं होतं. काही संचांत शेवटचा रंग हिरवा येतो, म्हणून सोबतचा कागद आधी वाचावा.

नमुना घेण्यापूर्वी नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या; ते पाणी बादलीत धरा, वाया जाणार नाही. पाइपात रात्रभर थांबलेल्या पाण्यात तांबं किंवा लोखंड उतरलेलं असू शकतं. नळी त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि ५ मिलीच्या खुणेपर्यंत भरा. पाण्याची कड काचेला थोडी वर चढलेली दिसते. मोजायचा तो मधला खोलगट भाग, तोही नळी डोळ्यांच्या पातळीवर धरून. इथे अर्धा मिली जास्त पडला तर उत्तर १० टक्के चुकलं.

बाटली सरळ उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो, आणि इथे थेंब हेच माप आहे. प्रत्येक थेंबानंतर नळी हलवा आणि मागे पांढरा कागद धरा. लाल रंग आधी जांभळा होतो, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते: जांभळा दिसला की ते थांबतात. जांभळा म्हणजे अजून थोडं मॅग्नेशियम रंगाला धरून आहे. लालसर छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला, तो थेंब शेवटचा. शेवटच्या दोन-तीन थेंबांना प्रत्येकी पाच सेकंद द्या, कारण गार पाण्यात ही क्रिया संथ चालते. पण सगळं मिळून पाच मिनिटांच्या आत आटपा. इतक्या चढ्या सामूला कॅल्शियम कार्बोनेट साक्यासारखं खाली बसू लागतं आणि मग मोजणी फसते.

एका थेंबाची किंमत कागदावर दिलेली असते. पुष्कळ संचांत ५ मिली पाण्याला एक थेंब म्हणजे जडपणाचा एक जर्मन अंश, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला १७.८ मिलिग्रॅम. १२ थेंब लागले तर साधारण २१४. नमुना १० मिली घेतला तर थेंबाची किंमत निम्मी होते आणि उत्तर जास्त बारीक येतं. मऊ पाण्याला हीच पद्धत वापरावी. ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड, त्यापुढे फार जड, अशी ढोबळ प्रतवारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याची म्हणून मर्यादा ठरवलेली नाही, त्यामुळे मोठा आकडा बघून घाबरू नये. त्रास होतो तो पाणी तापवणाऱ्या उपकरणांना, साधारण २०० च्या पुढे.

किती जडपणा उकळून खाली बसतो तेही या संचाने कळतं. मोजून घेतलेलं पाणी पंधरा मिनिटं उकळा, गार करून गाळा, उडून गेलेल्या पाण्याइतकं डिस्टिल्ड पाणी घाला आणि पुन्हा थेंब मोजा. जितके थेंब कमी लागले, तितका भाग गीझरमध्ये खपली होणारा. आमच्या मते संचाचा सगळ्यात मोलाचा उपयोग हाच.

रंग जांभळ्यावरच अडून राहिला तर बहुधा तांबं किंवा लोखंड आड येतंय. रंग फिका पडत गेला तर क्लोरीन. बफरमध्ये बहुधा अमोनिया असतो. झाकण सैल राहिलं की तो उडतो आणि शेवटचा रंग नीट येत नाही. रंगाचं द्रावणही जुनं झालं की खराब होतं, पूड जास्त टिकते. बाटलीवर मुदत छापलेली नसेल तर तो संच घेऊच नका. घेतल्यावर पहिल्यांदा डिस्टिल्ड पाणी तपासा: रंग टाकताच निळं झालं पाहिजे. लाल झालं तर नळी अस्वच्छ आहे किंवा द्रावणात खोट आहे. सॉफ्टनरच्या पाण्यालाही हीच कसोटी. तिथे दोन-तीन थेंब लागले तर रेझिन (सॉफ्टनरमधले कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणारे मणी) मिठाने धुवायची वेळ झाली आहे, नाहीतर पाणी सॉफ्टनरला वगळून नेणारा बायपासचा व्हॉल्व्ह उघडा राहिलाय.

कागदी पट्ट्या झटपट आहेत, पण त्यांच्या रंगांमधली अंतरं इतकी मोठी असतात की सॉफ्टनरवर जडपणाचा आकडा लावायला त्या उपयोगाच्या नाहीत.

या संचाने जंतू, शिसं किंवा नायट्रेट कळत नाहीत. जंतूंसाठी प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच नमुना द्यावा लागतो. नळाला क्लोरीन पोचतंय का, ते डीपीडीच्या गोळीने पाहता येतं: पाणी गुलाबी झालं पाहिजे आणि आकडा लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा.

शहराच्या नळाला कधी नदीचं, कधी विहिरींचं पाणी मिसळून येतं, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर सॉफ्टनर लावू नका. आठवडाभर ठरल्या वेळी मोजा, तारखेसह लिहून ठेवा, आणि यंत्रावर त्यातला सगळ्यात मोठा आकडा भरा.