एका तारेवर दोन घरं : रेडिंगच्या फ्लॅटमध्ये ब्रॉडबँड घेताना

ऑगस्ट 2005 मध्ये आम्ही इंग्लंडातल्या रेडिंगला राहायला आलो. विटांचं जुनं घर, रांगेतलं. कधीतरी मालकाने त्याचे वर-खाली दोन फ्लॅट केलेले. वरचा आमचा, खालच्यात ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहायच्या. फोन आधीपासून होता, डायल टोन स्वच्छ, नंबर पहिल्याच दिवशी आमच्या नावावर झाला. कराडला आई, दादा, वहिनी आणि तेव्हा चार महिन्यांचा भाचा. दादाने त्याच उन्हाळ्यात घरी ब्रॉडबँड घेतलं होतं, 256 किलोबिटचं. तिकडे सगळी तयारी झाली होती. अडत होतं ते माझ्याकडे, इंग्लंडात.

सुरुवातीला डायल-अप लावलं, म्हणजे फोनच्याच लाइनवरून नंबर फिरवून जोडायचं इंटरनेट. मोडेम सेकंदाला 56 किलोबिटचा, पण जोडणी व्हायची 28,800 बिटवर, म्हणजे जेमतेम निम्म्या वेगावर. कधी त्याहून कमी, जास्त एकदाही नाही. भाच्याचा सहाशे केबीचा एक फोटो यायला तीन मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ फोन अडकलेला. आईला रात्री झोपण्यापूर्वी फोन करायची सवय. इकडे तेव्हा संध्याकाळचे पाच-साडेपाच वाजलेले असतात आणि मी नेमकी ईमेल बघत असायची. तिला सारखा एंगेज टोन. दोनदा तिने घाबरून दादाला उठवलं. ब्रॉडबँड मला हौस म्हणून नको होतं, एवढ्यासाठी हे सांगते.

सप्टेंबरात एका मोठ्या कंपनीच्या साइटवर पोस्टकोड (इकडचा पिनकोड) टाकला. हिरवी खूण आली, 2 मेगाबिट मिळेल म्हणून. ऑर्डर दिली. चार दिवसांत खोकं घरी : यूएसबी मोडेम, दोन फिल्टर, सीडी. सगळं टेबलावर मांडून ठेवलं. सुरू व्हायच्या तारखेच्या आदल्या दिवशी ईमेल आला की ऑर्डर रद्द झाली आहे, तुमच्या लाइनवर ब्रॉडबँडशी न जुळणारं काहीतरी आहे. काय आहे, ते त्यात नव्हतं.

त्या कंपनीच्या मदत केंद्राला मी तीन वेळा फोन केला. पहिल्याने सांगितलं, तुमचं टेलिफोन एक्स्चेंज लांब असेल. एक्स्चेंज आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर होतं. आणि 512 किलोबिटच्या ब्रॉडबँडसाठी असलेली अंतराची अट तर 2004 च्या सप्टेंबरातच काढून टाकली होती. दुसरीने घरातली वायरिंग तपासायला सांगितली. तिसऱ्याने नवीन लाइन घ्या म्हटलं, पंचाहत्तर पौंड भरून. मी जवळजवळ भरले होते. भरले असते तर काय झालं असतं ते पुढे सांगते. तिघेही नम्रपणे बोलले, पण माझ्या लाइनवर नेमकं काय आहे हे त्यांच्यापैकी एकानेही शोधून सांगितलं नाही आणि त्यात माझे सहा आठवडे गेले. अशा कंपनीला मी चांगलं म्हणणार नाही. पैसे मात्र त्यांनी पूर्ण परत केले, मोडेम पाठवल्यावर आठवड्याच्या आत.

उलगडा झाला तो खालच्या बाईंकडे. एका रविवारी त्यांना शिरा द्यायला गेले होते. फोनचं रडगाणं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, हे दोन्ही फोन एकाच तारेवर आहेत. वरचा फ्लॅट झाला तेव्हा माणूस आला होता, भिंतीवर ती पेटी बसवून गेला." आणि मला मागच्या अंगणात नेऊन छपराखालची करड्या रंगाची पेटी दाखवली, जेवणाच्या डब्याएवढी. मग त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीची पार्टी लाइन सांगितली. तेव्हा शेजारच्या घराशी खरोखर एकच लाइन असायची. फोनवरचं बटण दाबलं की डायल टोन यायचा, आणि शेजारीण बोलत असली तर तिचं बोलणं ऐकू यायचं. मी त्यांना आमचा पी.पी. नंबर सांगितला. कराडात आमच्याकडे फोन येण्याआधी बाबांच्या कार्डावर समोरच्या देशपांड्यांचा नंबर होता, पुढे कंसात पी.पी. मुंबईहून फोन आला की काकू खिडकीतून हाक मारायच्या आणि आई ओल्या हातांनी धावायची. बाईंना हे फार आवडलं.

पेटीचं नाव मला नंतर कळलं. इकडे तिला डॅक्स म्हणतात. पार्टी लाइनसारखी ती नसते. आमच्या दोघींची बोलणी वेगळी राहायची, एकाच वेळी दोघी बोलू शकायचो, म्हणून तर कुणाला पत्ता लागला नाही. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या तारांची एकच जोडी आलेली असायची आणि फोन हवे असायचे दोन. खणून नवीन जोडी टाकण्यापेक्षा कंपनी एक्स्चेंजमध्ये दोन्ही लाइनींचा आवाज आकड्यांत बदलायची, दर फोनला 64 किलोबिट, आणि त्या एकाच जोडीवरून पाठवायची. भिंतीवरची पेटी त्याचे पुन्हा दोन साधे फोन करायची. बोलायला काही अडचण नाही. ब्रॉडबँड मात्र त्याच तांब्यावर आवाजाच्या वरच्या पट्टीत चालायचं, पार मेगाहर्ट्झपर्यंत, आणि पेटीतून फक्त आवाजापुरतं पलीकडे जायचं. एक्स्चेंजपासून माझ्या मोडेमपर्यंत सलग तांबंच नव्हतं. माझं 28,800 चं कोडंही तिथेच सुटलं. 56 चा वेग मिळायला आवाजाचं आकड्यांत रूपांतर वाटेत एकदाच व्हावं लागतं. पेटीमुळे ते आणखी होत होतं.

पोस्टकोडवरची हिरवी खूण याबद्दल काहीच सांगत नव्हती. ती एक्स्चेंज आणि अंतर बघायची. तुमच्या दारापर्यंत आलेली तार कशी आहे, हे तिला माहीत नसायचं. आणि नवीन लाइन घेतली असती तर? मोकळी जोडी नसेल तर तीही एखाद्या पेटीवरच चढली असती.

नोव्हेंबरात मी दुसऱ्या, लहान कंपनीला फोन केला, आणि हा लिहिण्याचा प्रपंच खरं तर त्यांच्यासाठी आहे. त्यांनी पोस्टकोड विचारला नाही, फोन नंबर विचारला. मी डॅक्स हा शब्द उच्चारताच पलीकडचा मुलगा म्हणाला, थांबा, बघतो. दोन मिनिटांत त्याने खात्री करून सांगितलं की हो, आहे. पुढे त्याने जे सांगितलं ते मला पहिल्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं : ऑर्डरसोबतच पेटी काढायची मागणी टाकू, रस्त्यावरच्या टेलिफोनच्या खांबावर मोकळी जोडी सापडली तर काम होईल, नाही सापडली तर मी खोटी आशा दाखवणार नाही. महिन्याला पहिल्या कंपनीपेक्षा चार पौंड जास्त. मी एका शब्दावर हो म्हटलं. दर मंगळवारी त्याच मुलाचा फोन यायचा, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

लाइनचा इंजिनियर डिसेंबरात आला, गुरुवारी, सकाळी साडेआठला, धुक्यात. वयाने पन्नाशीचा. आधी त्याने खाली बाईंची परवानगी मागितली, कारण त्यांचाही फोन तासभर बंद राहणार होता. मग शिडी लावून खांबावर गेला. तिथे एकेक जोडी मीटरला लावून बघत होता. मी खिडकीत उभी, हात गारठलेले, आणि मनात एकच, सापडू दे. पाऊण तासाने त्याने वर बघून अंगठा दाखवला. एक जोडी वर्षानुवर्षं रिकामी पडून होती. ती आमच्या फ्लॅटला दिली, जुनी जोडी पेटीतून सोडवून सरळ बाईंना, आणि भिंतीवरची पेटी काढून गाडीत टाकली. मग आमच्या भिंतीवरच्या मुख्य सॉकेटचा खालचा भाग दोन स्क्रू काढून उघडला, आतल्या चाचणीच्या सॉकेटला आपला फोन लावला आणि 17070 फिरवला. ध्वनिमुद्रित आवाजाने आमचाच नंबर वाचून दाखवला. तारांची अदलाबदल झालेली नाही याची ती खूण. हे काम त्याने घाई न करता, प्रत्येक पायरी मला समजावत केलं. बाईंनी त्याला चहा दिला, मी चकल्या दिल्या. माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही.

त्याच रात्री डायल-अप पहिल्यांदा 28,800 च्या वर गेलं. ब्रॉडबँड पुढच्या बुधवारी. मोडेमचा लुकलुकणारा दिवा सकाळी दहाला स्थिर झाला : येण्याचा वेग 2272 किलोबिट, पाठवण्याचा 288. वेग मोजला तर दोन मेगाबिटला थोडा कमी, आणि पुढच्या सहा महिन्यांत जोडणी दोनदाच तुटली. 2006 च्या एप्रिलमध्ये 8 मेगाबिटपर्यंतची सेवा सुरू झाली तेव्हा त्या मुलाने आपणहून फोन करून विचारलं, हवी का. पहिले दहा दिवस लाइन स्वतःला आजमावत खालीवर होते, हे त्याने आधीच बजावलं होतं. मग ती साडेपाच मेगाबिटवर स्थिर झाली.

डिसेंबरातल्या पहिल्या व्हिडिओ कॉलला आई कॅमेऱ्यापासून इतकी जवळ बसली की नुसतं कुंकू आणि चष्मा दिसत होता. दादा मागून सांगत होता, "आई, जरा मागे सरक, ताईला दिसू दे." ती मागे सरकली तेव्हा तिने मांडीवर भाच्याला घेतलेलं दिसलं. आठ महिन्यांचा झाला होता तो. मी त्याला हलताना पहिल्यांदाच बघत होते.

डायल-अपच्या त्या दिवसांत माझा सल्ला हाच होता : तुमचंही घर असं दोन फ्लॅटांत विभागलेलं असेल आणि मोडेम 28,800 च्या वर जात नसेल, तर ऑर्डर देण्याआधी मागच्या भिंतीवर आणि खांबावर नजर टाका. कंपनीला फोन करून पोस्टकोड नाही, फोन नंबर द्या आणि सरळ विचारा, माझ्या लाइनवर डॅक्स आहे का. पलीकडच्याला तो शब्द समजला नाही तर दुसरी कंपनी बघा. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. त्यांच्या होकाराशिवाय आमचं काम त्या दिवशी झालं नसतं.