स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 ला ॲडजस्टेबल लिंक रॉड लावून एक पावसाळा काढल्यावर

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण विचारणारे निम्मे लोक इथेच अडकलेले असतात. लिंक रॉड बदलून गाडी ताठ होत नाही. बॉडी रोल (वळणात गाडीचं कलणं) कमी होत नाही, अंडरस्टिअर (वळणात गाडीचं तोंड बाहेर ढकललं जाणं) जात नाही. ताठपणा असतो अँटी रोल बारमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडी कलू नये म्हणून असलेली स्टीलची दांडी), आणि तो बारच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे 22 एमएमचा भरीव बार काढून 24 चा टाकला तर जवळजवळ 40 टक्के फरक पडतो. लिंकचं काम फक्त बारचं टोक स्ट्रटला (चाकाच्या वरचा स्प्रिंग-शॉकचा खांब) जोडायचं. काही बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतात त्यालाही लोक ॲडजस्टेबल म्हणतात, तिथे आतलं भोक पकडलं की बार ताठ होतो, पण ती वेगळी वस्तू आणि वेगळा खर्च.

मग मी का घेतले? गाडी 2017 ची आरएस 230, दोन लिटर टीएसआय, 350 एनएम, सगळी ताकद पुढच्या चाकांना. कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) टाकून पुढून साधारण इंचभर खाली केलेली. गाडी खाली आली की चाक आणि स्ट्रट बॉडीच्या मानाने वर जातात, लिंक स्ट्रटलाच बांधलेली असल्यामुळे बारचं टोकही वर खेचलं जातं आणि त्याचा सगळा अँगल बिघडतो. माझ्याकडे स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बार टाय रॉडला (स्टिअरिंगपासून चाकाला जाणारी दांडी) टेकायचा, दोन्हीवरचा रंग घासलेला दिसत होता. त्यात भर म्हणजे डावं वळण आणि उजवं वळण सारखं वाटायचं नाही. पसरणी घाट चढताना एका बाजूला गाडी पटकन आत घुसायची, दुसऱ्या बाजूला जरा विचार करून, आणि अलाइनमेंटचे आकडे बघावेत तर एकदम हिरवे.

ते होतं प्रीलोडमुळे. दोन्ही बाजूंची उंची एक-दोन एमएमने वेगळी, त्यात ड्रायव्हर एकाच बाजूला बसणार, आणि लिंक मात्र दोन्ही फिक्स लांबीच्या, त्यामुळे गाडी सरळ उभी असतानाच बार थोडा पिळलेला राहतो. पिळलेला बार एका चाकाला खाली दाबतो, दुसऱ्याला उचलतो. ॲडजस्टेबल लिंकचा खरा फायदा हा पीळ काढणं, आणि बारचं टोक परत मूळ अँगलच्या जवळ आणणं. बास. गाडी स्टॉक हाइटला असेल तर ओरिजिनल लिंक घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले टायर टाका, मी सिरियसली सांगतोय.

आता फिटिंग. एकच चाक जॅकवर उचलून लिंक काढायला जाऊ नका, दुसरं चाक जमिनीवर असल्यामुळे बार पिळलेला असतो आणि लिंक एकतर निघत नाही नाहीतर निघताना फटकन उडते. दोन्ही पुढची चाकं सारखी लटकलेली हवीत. जुना नट 18 च्या पान्याने, पण बॉल स्टड (लिंकच्या टोकाची आटेवाली पिन) सोबत फिरत बसतो म्हणून मधल्या खाचेत बिट घालून तो धरून ठेवायचा, आणि ती खाच गंजलेली असली तर अर्धा दिवस गेला समजा. आदल्या रात्री डब्ल्यूडी फॉर्टी मारून ठेवा. नट सेल्फ लॉकिंग आहेत, परत वापरायचे नाहीत, नवीन चार आणून ठेवा. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टॉर्क 65 न्यूटन मीटर आहे, पण तुमच्या नवीन लिंकसोबत आलेल्या कागदावर दुसरा आकडा असेल तर तो धरा कारण स्टड वेगळा असू शकतो.

लिंकच्या मधल्या बॅरलला एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे, त्यामुळे लिंक जागेवर ठेवून नुसता बॅरल फिरवला की लांबी कमीजास्त होते. सेटिंग मात्र हवेत लटकलेल्या गाडीवर करायचं नाही. बरेच गॅरेजवाले टू पोस्ट लिफ्टवरच, म्हणजे चाकं लटकलेली असताना, लांबी सारखी करून चेकनट (बॅरल जागेवर पकडून ठेवणारे नट) आवळून देतात, ते पैसे वाया. मी अलाइनमेंटचा फोर पोस्ट रॅम्प तासाभरासाठी मागून घेतला, तिथे गाडी चाकांवरच उभी असते आणि खाली हात घालायला जागा मिळते. टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हर सीटवर भावाला बसवला (तो आणि मी वजनाने सारखेच, त्याला चहा आणि क्रीमरोलवर पटवला), गाडी थोडी पुढे-मागे ढकलून, बॉनेटवर दाब देऊन बसू दिली. मग एक बाजू पक्की केली आणि दुसऱ्या बाजूचा स्टड बारच्या भोकासमोर येतोय का बघितलं. चार-पाच एमएम वर होता. बॅरल फिरवत फिरवत स्टड बोटाने ढकलल्यावर आत जाईल तिथपर्यंत आणला, हातोडी लागली तर अजून पीळ आहे असं समजायचं. दोन्ही लिंकची लांबी शेवटी सारखी आलीच नाही आणि तसंच असायला हवं, टेपने मोजून सारखी करणाऱ्यांना हेच समजावून सांगावं लागतं.

चेकनट आवळताना दोन्ही बॉल जॉइंट आपापल्या हालचालीच्या मधोमध ठेवायचे नाहीतर नट आवळता आवळता एक जॉइंट तिरका होऊन बसतो आणि मोठ्या खड्ड्यात त्याची हद्द संपली की स्टडवर जोर येतो. आटे आत किती उरलेत ते पण बघा, मी जाडीच्या दीडपट तरी आत ठेवतो. शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेक होज, एबीएसची वायर, टाय रॉड कशालाच काही लागत नाही ना ते डोळ्यांनी बघायचं. थोडं फिरून आल्यावर चेकनट परत एकदा तपासले, एक किंचित सरकलाच होता.

चालवताना काय वाटलं? पहिल्या दिवशी काही जादू नाही. टाय रॉडचा टक्क आवाज गेला, आणि पुढच्या पसरणीच्या फेरीत डावं-उजवं सारखं झालेलं जाणवलं. गाडी जास्त भारी झाली असं नाही, फक्त तिचा अंदाज यायला लागला. हायवेवर शून्य फरक.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. मी मुद्दाम रबर बूटवाले (माती आत जाऊ नये म्हणून रबराचं आवरण असलेले) बॉल जॉइंट असलेला सेट घेतला होता. मित्राने त्याच्या गाडीला उघडे रोझ जॉइंट टाकले, दिसायला जबरी, फील पण जरा जास्त शार्प, पण ताम्हिणी घाटातल्या चिखलात आणि रिंग रोडच्या धुळीत पाऊस संपायच्या आत दोन्ही बाजू खडखडायला लागल्या. उघड्या जॉइंटच्या आतल्या टेफ्लॉनच्या अस्तरात माती गेली की ते संपलं. ट्रॅकवर नेऊन परत ट्रेलरवर चढवायच्या गाडीला ते ठीक, रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला अजिबात नको. माझे बूट अजून शाबूत आहेत, बॅरलवरचं प्लेटिंग मात्र दोन ठिकाणी पांढरं पडलंय आणि उघडे आटे मी ग्रीस लावून टेपने गुंडाळलेत. एवढ्या किमतीला हे अपेक्षित नव्हतं, तक्रार म्हणून एवढंच.

आवाज येतोय पण कुठून ते कळत नसेल तर एक सोपी टेस्ट. सरळ स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, तेव्हा बार बुशमध्ये (त्याला बॉडीला धरणारे रबर) नुसता फिरतो, लिंकवर फारसा लोड नसतो. एका चाकाचा खड्डा आला की लिंक कामाला लागते. म्हणजे खड्ड्यात टकटक आणि सरळ ब्रेकरवर शांतता असेल तर आधी लिंक हलवून बघा, मग शॉक ॲब्सॉर्बरचा खर्च काढा. आणि आपण खाली केलेल्या गाड्यावाले ब्रेकर तिरका घेतो ना पोट वाचवायला, त्यात लिंकचीच सगळ्यात जास्त मरमर होते, त्याला इलाज नाही.

मागच्या लिंक ओरिजिनलच ठेवल्यात. मागे जाड बार टाकायचा विचार आहे, अंडरस्टिअरवर खरा उतारा तोच, तेव्हा मागचं पण बघू. उंची बदललीत की सेटिंग परत करावं लागतं हे धरून चाला, कॉइलओव्हरची रिंग दोन आटे फिरवली तरी.