घरून जाण्यासारखं कॉलेज की कर्ज काढून लांबचं नामवंत?

शाळा संपली की पालक फीचा आकडा बघतात आणि मुलं कॉलेजचं नाव. दोघांचंही बघणं अर्धवट.

फी हा खर्चाचा फक्त दिसणारा भाग. लांब गेलात की राहणं, जेवण, येणं-जाणं त्यावर चढतं, आणि हे दरवर्षी वाढतं. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर ती पहिल्या वर्षापुरती की शेवटपर्यंत, टिकवायला किती गुण लागतात, हे आधी लेखी विचारून घ्या. कर्जाचं गणित तर बरेच जण मांडतच नाहीत. हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होणार असले तरी व्याज बहुतेक वेळा रक्कम हातात पडल्यापासूनच चढू लागतं. दरसाल 10 टक्के चक्रवाढीने 100 चे 4 वर्षांत 146 होतात, आणि तेव्हा नोकरीचा पत्ताही नसतो!

घरून जाण्यात ही टांगती तलवार नाही. मात्र रोजच्या लांबलचक प्रवासात ग्रंथालय, प्रयोगशाळेतला जादा वेळ, मित्रांबरोबरचा अभ्यास हातून निसटतो. हवा तो विषयच तिथे नसेल, तर मग बोलणंच खुंटलं.

माझा कल पहिली पदवी जवळून करण्याकडे आहे. पुढे पदव्युत्तरसाठी लांब जावं, तोवर आवडही पक्की झालेली असते. अपवाद एकच: त्या क्षेत्रात नोकरी देणारे खरोखरच कॉलेज बघून निवडत असतील तर. ते माहितीपत्रकावरून ठरवू नका, तिथून अलीकडेच बाहेर पडलेल्यांना गाठून विचारा.