माजी सैनिकांनी कुठं जावं: ईसीएचएस की सिव्हिल?

कोकणात फौजेतून निवृत्त होऊन आलेली माणसं गावोगाव आहेत. दुखलंखुपलं की त्यांच्यापुढं दोन वाटा असतात: ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना, नाहीतर सिव्हिल, म्हणजे सरकारी रुग्णालय.

बीपी, साखर, गुडघे अशा रोजच्या दुखण्यांना ईसीएचएस पॉलिक्लिनिक बरं. १ एप्रिल २००३ला सुरू झालेली ही योजना बायकोलाही लागू आहे. कार्ड दाखवायचं, औषधं घ्यायची. मोठं काही निघालं तर रेफरल घेऊन पॅनलवरच्या खासगी दवाखान्यात कॅशलेस उपचार. पण पॉलिक्लिनिकमध्ये खाटा नाहीत. रात्री कुलूप, रविवारी कुलूप. आडगावातल्या सुभेदारांना तपासणीला दोन एसट्या बदलाव्या लागल्या, तर अर्धा दिवस प्रवासातच जातो. एखादी गोळी नसली की पुन्हा कागद!

सिव्हिलला गर्दी असते, केसपेपरची रांगही. मात्र १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, आणि अपघात विभाग चोवीस तास उघडा. भातलावणीत फुरसं चावलं, तर कार्ड शोधत बसू नये. १०८ लावा आणि प्रतिसर्प लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

अशा तातडीत पॅनलबाहेरच्या खासगी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं, नाहीतर बिल अडकतं. ही गोष्ट घरातल्या पोरांनाही ठाऊक हवी. पेशंट स्वतः फोन करायच्या अवस्थेत नसतो.

माझं मत विचाराल तर महिन्याच्या औषधांना ईसीएचएस, जीवावरच्या वेळेला सिव्हिल.