हेल्थ ९६ टक्के आणि ड्राइव्ह मेला

दीड वर्ष वापरलेल्या ४८० जीबीच्या साटा एसएसडीचा (हार्डडिस्कच्या जागी त्याच केबलने लागणारा, चिपमध्ये डेटा ठेवणारा ड्राइव्ह) रिव्ह्यू. कंपनीचं नाव घेत नाही. सुरुवातीला एकदम मस्त, पण डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी मेमरी) नसलेला स्वस्तातला कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप), आणि मोठी फाइल टाकली की एसएलसी कॅश (ड्राइव्हमधला झटपट लिहिता येणारा भाग) भरेपर्यंत सेकंदाला ४५० एमबीने पळायचा आणि मग थेट ६०-७० वर, म्हणजे हार्डडिस्क बरी म्हणायची वेळ.

तेही चालवून घेतलं असतं हो, पण एक दिवस पीसी चालूच होईना, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बघतो तर ड्राइव्हचं नावच भलतं आणि साइज ० जीबी! आदल्याच आठवड्यात स्मार्टमध्ये (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतो ती सोय) हेल्थ ९६ टक्के दाखवत होता. तो आकडा फक्त फ्लॅशची (डेटा साठवणाऱ्या चिपची) झीज सांगतो, कंट्रोलर कधी मान टाकेल ते नाही. हार्डडिस्क निदान मरायच्या आधी बऱ्याचदा कटकट आवाज तरी करते, हा गपचूप गेला.

डेटा चिपमध्ये असेलही, पण कंट्रोलर तो स्क्रॅम्बल करून (उलटापालटा करून) लिहितो, त्यामुळे चिप काढून वाचणं सोपं नाही. वॉरंटीत नवा मिळाला, फोटो गेले ते गेलेच. नव्यावर आता फक्त गेम टाकलेत. २ स्टार, तेही स्क्रू सोबत दिले म्हणून.