परदेशी लायसन्स बदलून घ्यायचं की इथेच उडायचं?

बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे आणि घरच्यांनी पैशांची तयारी दाखवली आहे, अशा जळगाव-धुळ्याकडच्या मुलापुढे बहुतेक वेळा दोनच वाटा असतात. अमेरिकेत जाऊन एफएएचं (तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं) कमर्शियल पायलट लायसन्स काढायचं आणि परत येऊन डीजीसीएकडून, म्हणजे आपल्याकडच्या नियामकाकडून, ते बदलून घ्यायचं, किंवा भारतातच उड्डाणाचे दोनशे तास पूर्ण करायचे. दुसऱ्या वाटेसाठी आता शिरपूर आणि जळगावची फ्लाइंग स्कूलं अगदी दाराशी आहेत. मी इथली वाट धरली आणि पुढे परदेशातून आलेल्या मुलांच्या लॉगबुकांची (उड्डाणाच्या तासांच्या नोंदवह्यांची) जुळवाजुळव जवळून पाहिली. त्यामुळे माझं पारडं कुठे झुकतं ते लपणार नाही, पण अमेरिकेची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

तिथे विमानं भरपूर असतात आणि हवामान निवडता येतं. माझ्या पाहण्यातली मुलं साधारण वर्षभरात अडीचशे तासांपर्यंत पोचली. इथे दोनशेला दीड-दोन वर्षं धरून चला, कधी त्याहून जास्त. जून ते सप्टेंबर ढग खाली असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा पारा 42 वर गेला की समुद्रसपाटीपासून 800 फुटांच्या आसपास उंचीवरच्या धावपट्टीवर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, सव्वाचार हजार फुटांवर जातं. दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन सेसना 172 रडतखडत चढते, आणि दुपारचे थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर उठणारे हवेचे झोत) तिला सर्किटभर, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीभर, हलवत राहतात. म्हणून खरं उड्डाण सकाळच्या तीन तासांतच होतं, आणि त्या तीन तासांसाठी रांग असते.

आता तासांचा हिशोब. इथेच सगळ्यात जास्त मुलं फसतात. अमेरिकेत पार्ट 61 या सर्वसाधारण नियमांखाली कमर्शियलला 250 तास लागतात, एफएएची मान्यता असलेल्या पार्ट 141 च्या शाळेत 190 सुद्धा चालतात. डीजीसीएला 200 हवेत, म्हणजे 141 वाला दहा तास कमी घेऊन घरी येतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) तिथल्या 141 मध्ये 35 तासांच्या कोर्सवर मिळतं. आपल्याकडे 40 तास इन्स्ट्रुमेंट टाइम लागतो आणि त्यात सिम्युलेटरचे 20 पेक्षा जास्त धरत नाहीत.

मोठा खड्डा मात्र पीआयसीच्या (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेल्या तासांच्या) रकान्यात आहे. अमेरिकी नियमाप्रमाणे प्रायव्हेट लायसन्स मिळालं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही, कंट्रोल एकट्याच्या हातात असतील तर तो वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. तेच तास 'ड्युअल रिसीव्ह्ड'मध्येही, म्हणजे इन्स्ट्रक्टरकडून शिकल्याच्या रकान्यातही, चढतात. समजा, लॉगबुकात पीआयसी 165 दिसतात. त्यातले 70 ड्युअलमध्येही आहेत. ते वजा केले की उरतात 95, आणि डीजीसीएला लागतात 100. बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर हूड चढवून शेजारी बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट बसवायचा आणि दोघांनीही पीआयसी लिहायचं, या पद्धतीने वाढवलेल्या तासांवरही इथे प्रश्न येतात. म्हणून तिथे टाइम बिल्डिंग (तास भरण्यासाठीचं उड्डाण) करताना एकट्याने उडा आणि प्रत्येक पानाच्या तळाशी पीआयसी, ड्युअल व रात्रीचे तास वेगवेगळे बेरजेला धरा.

एवढं सगळं सांभाळता येतं. माझा कौल ठरला तो सहा महिन्यांच्या घड्याळामुळे.

डीजीसीएकडे अर्ज कराल त्या तारखेच्या मागच्या सहा महिन्यांत 15 तास पीआयसी हवेत. रात्रीचे दहा टेक-ऑफ आणि दहा लँडिंग पीआयसी म्हणून हवीत. चाचण्याही त्याच मुदतीतल्या हव्यात: दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग टेस्ट, दिवसा 250 नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण), रात्री 120 मैलांची, शिवाय इन्स्ट्रुमेंटची. अमेरिकेत कमर्शियलची चेकराइड (उड्डाणाची परीक्षा) एकच असते. रात्रीची क्रॉस-कंट्री चाचणी हा प्रकार त्यांच्या यादीत नाही. शाळेला आधी लिहून दिलं नाही तर ती कोणी घेत नाही आणि कोणी सही करत नाही.

घड्याळ चालू असताना इकडे कागद आपल्या गतीने फिरतात. एफएएने दिलेलं लायसन्स खरं आहे याची पडताळणी तिकडून यायची. दहावी-बारावीची पडताळणी नाशिक विभागीय मंडळाकडून व्हायची, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार हे आपले तिन्ही जिल्हे तिथेच मोडतात. रेडिओची आरटीआर परीक्षा इथलीच द्यावी लागते, परदेशातलं रेडिओ परमिट चालत नाही. यातला एक कागद अडकला की सातवा महिना उजाडतो आणि चाचण्या शिळ्या होतात. मग त्या पुन्हा द्यायला मुलगा भारतातल्याच फ्लाइंग स्कूलमध्ये उभा राहतो. स्कूल आपली मुलं आधी उडवणार, ते साहजिक आहे. बाहेरून आलेल्याला उरलेला स्लॉट मिळतो आणि तासाचा दर वेगळा लागतो. जी रांग चुकवायला डॉलर मोजले, त्याच रांगेत तो शेवटचा उभा असतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की दोन्ही बाजूंचं एकूण कॅलेंडर मला जवळपास सारखंच वाटतं. एखाद्याचं चार महिन्यांत झालंही असेल, नाकारत नाही.

सह्यांचा प्रश्नही त्यातलाच. अमेरिकेतला इन्स्ट्रक्टर बहुधा स्वतःचे 1500 तास भरण्यासाठी शिकवत असतो आणि ते झाले की एअरलाइनमध्ये जातो. वर्षभराने एका नोंदीवर त्याची सही राहिली असं लक्षात आलं तर त्याला शोधणार कुठे? इथे चीफ इन्स्ट्रक्टर पुढच्या सकाळी हँगरमध्येच भेटतो. चोपड्याहून जळगाव, एसटीने दीड-दोन तास.

नावाचंही आधीच पाहा. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर रकाने वेगळे आणि एफएएच्या कार्डावर पासपोर्टसारखं. कुठे वडिलांचं नाव गळलं किंवा स्पेलिंग बदललं की शपथपत्रांचा फेरा सुरू होतो, आणि घड्याळ तेव्हाही थांबत नाही. दुरुस्ती पासपोर्टमध्येच करून घ्या, व्हिसाच्या आधी.

मेडिकलबद्दल एकच: डीजीसीएचं क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय कुठल्याही शाळेला पैसे भरू नका. एफएएचं मेडिकल इथे उपयोगाचं नाही.

घरच्या वाटेचे दोष झाकायचे नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत मुलांचे महिनेच्या महिने विमान दुरुस्तीला उभं आहे म्हणून गेले. प्रवेशाआधी हँगरमध्ये जा, नोंदणी असलेली विमानं किती आहेत ते सोडा, आज सकाळी किती उडाली ते मोजा. त्याला विद्यार्थ्यांच्या संख्येने भागा. मल्टी-इंजिन विमान तिथेच आहे की त्यासाठी दुसरीकडे पाठवतात, हेही विचारा. उत्तरं पटली तर मी इथेच राहा म्हणेन.

ज्याच्या घरी पैशांची ओढाताण नाही आणि कागदांच्या बाबतीत जो काटेकोर आहे, त्याने अमेरिकेला जायला माझी हरकत नाही. पण डीजीसीएचे सगळे पेपर आणि आरटीआर जाण्याआधीच काढून टाका, म्हणजे आल्यावर रेग्युलेशन आणि नेव्हिगेशन-मेटच्या (हवामानाच्या) संयुक्त पेपरसाठी थांबावं लागत नाही. बोर्डाची पडताळणी निघण्याआधीच सुरू करा. रात्रीची लँडिंग आणि चाचण्या परतीच्या तिकिटाआधीच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत ठेवा, आणि लॉगबुकाच्या प्रत्येक पानावर सही व शाळेचा शिक्का आहे की नाही, ते शाळेच्या काउंटरवर उभं राहूनच पाहा.